दोन स्वल्पविरामांच्या मधली जागा

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, आजी, तू अजून सी मध्ये प्रोग्राम लिहितेस हे खरं का? तुमच्या बाबाने सांगितलं असणार. त्याला त्याची गंमत वाटते. मी "कधीकधी" एवढंच म्हणाले आणि विषय बदलला, कारण त्या दिवशी मी फार दमलेली होते आणि ती हकिगत फोनवर क्रमाने सांगता आली नसती. मधेच तुमचा आवाज तुटतो, मग मी पहिल्यापासून सुरू करते, मग तुमची झोपायची वेळ होते. म्हणून लिहून सांगते.

सी ही संगणकाची भाषा मी चाळिशी उलटल्यावर शिकले. तोवर कॉलेजात गणित शिकवत होते. परभणीत संगणक नवे आले तेव्हा प्राचार्यांनी तो विषय माझ्याकडे दिला, कारण माझं शिक्षण हैदराबादेत इंग्रजी शाळेत झालेलं. संगणकाला गणितापेक्षा इंग्रजी जास्त लागतं अशी त्यांची समजूत होती. वीज असेल तेव्हा मुलं यंत्रावर बसायची, नसेल तेव्हा फळ्यावर प्रोग्राम लिहायची आणि मी यंत्र व्हायचे. एकेक ओळ वाचून, यंत्राने काय केलं असतं ते सांगायचे. वीज बहुतेक वेळा नसायची, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांचं सी बरंच पक्कं झालं.

दर वर्षी एक प्रोग्राम मी हमखास लिहायला लावायचे. फाईलमध्ये ओळी आहेत, प्रत्येक ओळीत स्वल्पविरामांनी वेगळे केलेले कॉलम आहेत. त्यातले सांगितलेले कॉलम तेवढे बाहेर काढायचे, बाकीचे टाकून द्यायचे. दुसरा आणि पाचवा हवा म्हटलं, की दुसरा आणि पाचवाच यायला हवा. दहा कॉलमांतून आपल्याला हवे तेवढेच समोर यावेत यात मला फार बरं वाटायचं. आताही कपाट आवरताना तसंच बरं वाटतं.

आता पोखर्णीच्या मोठ्या आजीचं सांगते. तुम्ही तिला दोनदाच भेटलात. आजोबांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती मला मास्तरीणबाई म्हणते, आधी टोमणा म्हणून, नंतर सवयीने. थोरले दीर गेल्यापासून ती गावातल्या घरात एकटी राहते. एक डोळा केव्हाच अधू झाला होता. या वर्षी दुसऱ्यावरही मोतीबिंदू चढला. चहात मीठ पडायला लागलं. गॅस पेटला की नाही हे ती कानाने ओळखायची. एकदा दारातल्या दोरीला साप समजून शेजारच्या पोराला हाका मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या सापाला दोरी समजून ओलांडून गेली. हे तिने स्वतःच हसत सांगितलं. तिच्या मुलाला हसू आलं नाही.

मुलगा पुण्याला असतो. त्याने सांगून टाकलं, "आई, महिनाअखेरीला येतो. सामान बांधून ठेव. डोळा इकडंच दाखवू, आणि आता इकडंच राहायचं." त्याचं काही चुकलं नव्हतं. पण जाऊबाई मला म्हणाली, "डोळा करून देतेल बाई ते. पर परत आणून सोडणार न्हाईत. पाचव्या मजल्यावर मला काय दिसणार हाय? दिसलं तरी काय दिसणार हाय?"

म्हणजे तिच्यासाठी सगळा प्रश्न एवढाच होता. महिना संपायच्या आत इकडेच डोळा झाला, तर घर राहील. नाही झाला, तर कुलूप.

त्याच सुमाराला पोखर्णीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. आसपासच्या गावांतली माणसं आली. शिबिर भरवणाऱ्यांत परभणीचे एक निवृत्त हेडमास्तर होते. आमच्याच गल्लीत राहतात, आजोबांचे मित्र. उत्साह फार, आणि त्या उत्साहाचं अर्धं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर. शिबिरानंतर दोन दिवसांनी ते भर उन्हात माझ्या दारात उभे.

"वहिनी, तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

"सर, मी आता कशातच नाही," मी म्हटलं. गुडघ्याला तेल चोळत बसले होते, उठलेसुद्धा नाही.

"फाईल उघडली की मराठीचे नुसते चौकोन दिसायलेत. फोन नंबरचं तर काय झालंय देव जाणे, आकड्यांच्या मधे इंग्रजी अक्षर घुसलंय. नांदेडच्या दवाखान्याला उद्या यादी द्यायचीय. ज्यांचं ऑपरेशन लगेच करायचंय त्यांचं फक्त नाव, गाव, फोन आणि कोणता डोळा. बाकीचं त्यांना नको."

"पोरांना सांगा ना कुणाला तरी."

"पोरं म्हणतात लॅपटॉप नवा घ्या. तुम्ही म्हणाल खडू द्या. मला तुम्ही परवडता."

हसू आलं आणि तिथेच मी फसले. फाईल फोनवरून माझ्या जुन्या यंत्रावर घेतली. साधी मजकुराची फाईल होती, आत सगळं शाबूत होतं. चौकोन आणि फोन नंबरातलं ते अक्षर दाखवत होतं ते त्यांचं यंत्र. प्रत्येक ओळीत अनुक्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, गाव, फोन, कोणता डोळा, ऑपरेशन लगेच हवं की नाही, रक्तातली साखर, रक्तदाब. दहा कॉलम. आठव्या कॉलममध्ये "हो" असेल त्या ओळी घ्यायच्या आणि त्यांतला दुसरा, पाचवा, सहावा आणि सातवा कॉलम छापायचा. माझा दर वर्षीचा प्रोग्राम. हातांनी तो जवळजवळ आपोआप लिहिला. सी मध्ये ओळीचे तुकडे करायला एक तयार फंक्शन मिळतं, स्ट्रटॉक नावाचं. ते वापरलं. यादी आली. नावं, गावं, फोन, डोळे, सगळं आपापल्या जागी. मी वरून खाली नजर फिरवली आणि पाठवून दिली. सर म्हणाले, नांदेडला न्यायची बस जेवढी भरेल तेवढीच माणसं निघालीत, देवाचीच कृपा. मी आडवी झाले.

नाव शोधायला मात्र मी यादीत गेले नाही. जाऊबाईचं नाव असणारच हे मी धरून चालले होते. तिला तपासणारा डॉक्टर काय म्हणाला ते तिने मला आधीच फोनवर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"मास्तरीणबाई, तुमच्या कम्प्यूटरला म्हाताऱ्या बाया चालत न्हाईत का?"

"काय झालं?"

"शाळंत यादी लावली म्हणं. माजं नाव न्हाई त्याच्यात."

"नीट वाचली का कुणी? डॉक्टरांनी नंतर करू असं लिहिलं असेल."

"त्यो मला म्हणला, आजी, लगेच करावं लागल, हे आता थांबत नसतंय. ह्या कानानं ऐकलं. डोळे गेलेत माजे, कान हायत जागेवर."

मला खरं सांगायचं तर चीड आली. उन्हाळा, पंख्याचा गरम वारा, आणि आता पुन्हा ते सगळं उघडून बसायचं. मी म्हटलं, "मी बघते, पण डॉक्टरांचा निर्णय मला बदलता येणार नाही."

"बदलू नका," ती म्हणाली. "पर मला एक सांगा. ह्या आळीतल्या आमी चौघीजणी गेलो होतो, चौघींचंबी नाव न्हाई. यादीत सगळे बापेच हायत म्हणं. आमच्या गावात काय गडीच आंधळे व्हायलेत का?"

मी फोन ठेवला आणि यंत्र सुरू केलं. ते सुरू व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात पाठ भिंतीला टेकून बसले आणि ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. यादी उघडली. पुरुष होते. थोड्या बायकाही होत्या. पोखर्णीच्या त्या चौघी नव्हत्या.

मग मूळ फाईलमध्ये जाऊबाईची ओळ काढली. नाव होतं. नावापुढे स्वल्पविराम, आणि लगेच दुसरा स्वल्पविराम. मधे काहीच नाही. मग वय, गाव, आणि पुढे आठव्या जागी स्पष्ट "हो".

शेजारणींच्या ओळीही तशाच. नवऱ्याच्या नावाची जागा रिकामी.

आता तुमच्यातल्या मोठ्याला कळलं असेल, धाकट्यासाठी सांगते. ते स्ट्रटॉक फंक्शन दोन स्वल्पविराम लागून आले की त्यांना एकच समजतं. रिकामी जागा त्याच्या लेखी नसतेच. मग तिसऱ्या जागेवर वय येतं, चौथ्या जागेवर गाव, आणि सगळी ओळ एकेक घर पुढे सरकते. आठव्या जागेवर "हो" ऐवजी रक्तातली साखर येते. प्रोग्राम विचारतो, इथे "हो" आहे का? नाही. ओळ टाकून देतो. सरकलेली ओळ छापली असती, तर गावाच्या जागी फोन नंबर दिसला असता आणि मी तिथल्या तिथे पकडलं असतं. पण चुकलेल्या ओळी यादीत आल्याच नाहीत. जे आलं ते सगळं बरोबर होतं.

ही गोष्ट मी वर्गात शिकवायचे. फळ्यावर दोन स्वल्पविराम काढून दाखवायचे. पण वर्गातल्या फाईलमध्ये रिकामी जागा मी मुद्दाम ठेवलेली असायची. इथे ती कुणी मुद्दाम ठेवली नव्हती.

मी जाऊबाईला फोन लावला. "नाव नोंदवताना भावजींचं नाव सांगितलं नाही तुम्ही?"

ती म्हणाली, "त्या पोरीनं इचारलं, आजी, मालकाचं नाव काय? म्या म्हणलं, ते तर गेले. ती म्हणली, गेले तरी नाव सांगा. आता आयुष्यात कधी घेतलं न्हाई मी त्यांचं नाव, ते गेल्यावर कामून घेऊ?"

"शेजारणीला सांगायला लावायचं."

"शेजारीण माजी चुलत जाऊ. तिचे थोरले दीर लागतेत की ते. ती कशी घेईल? मग ती पोरगी म्हणली, ऱ्हाऊ द्या आजी, मागं लय मोठी लाईन हाय."

पोरीचं काय चुकलं? समोर शंभर माणसं उभी, आणि ही कपाळावर पदर ओढून गप्प. पूर्वी अशा वेळी कुणीतरी घरचं माणूस पुढे व्हायचं आणि नाव सांगायचं. सून, मुलगा, नातू. ज्यांच्याबरोबर असं माणूस होतं त्यांची जागा भरली. ज्यांच्याबरोबर नव्हतं त्यांची रिकामी राहिली, आणि माझ्या प्रोग्रामने नेमक्या त्याच बाया उचलून बाहेर टाकल्या. मीसुद्धा तुमच्या आजोबांचं नाव दर महिन्याला पगाराच्या कागदावर लिहीत होते, पण सासूबाईंच्या समोर कधी तोंडाने घेतलं नाही. इंग्रजी शाळेत शिकलेली असून नाही घेतलं. तेव्हा जाऊबाईला मी काय बोलणार?

प्रोग्राम दुरुस्त करायला फार वेळ गेला नाही. तयार फंक्शन काढून टाकलं आणि ओळीतलं एकेक अक्षर वाचत गेले. स्वल्पविराम आला की कॉलम एकने वाढवायचा, मधे काही असो वा नसो. रिकाम्या जागेलाही क्रमांक द्यायचा. एवढंच. बोटं चुकत होती, चष्मा घसरत होता, पण यादी आली, आणि या वेळी मी ती ओळीओळीने मूळ फाईलशी ताडून पाहिली. सुटलेल्या बाया पोखर्णीच्या होत्या, झरीच्या होत्या, एक तर पार सोनपेठकडून लेकीकडे राहायला आलेली होती.

सरांना बोलावलं. ते यादी हातात घेऊन खुर्चीत बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वहिनी, बस तर भरली. दवाखान्याने पलंग दिलेत तेवढेच. पुढचा गट दिवाळीनंतर."

"दिवाळीपर्यंत काहींचे डोळे थांबणार नाहीत, सर. डॉक्टरांनीच तसं लिहिलंय."

त्यांनी यादी पुन्हा वरून खाली वाचली. मग हळूच म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंचं एकटीचं बसवून टाकतो. एक माणूस खालीवर, कुणाला कळत नाही."

मी लगेच नाही म्हणाले नाही. हे तुम्हाला खरं सांगायला हवं. महिना संपत आला होता, तिच्या मुलाने रजा टाकली होती, आणि मी इतकी थकले होते की एका फोनवर हे संपलं असतं तर मला हवं होतं. मी तिलाच विचारलं. फोन सरांसमोरच लावला, मोठ्या आवाजावर.

"एकटीचं?" ती म्हणाली. "आन् डोळा आल्यावर ह्या तिघींची तोंडं मला दिसतेल की. त्यापरीस ऱ्हाऊ द्या आंधळीच." मग म्हणाली, "तुमचे सर हायत का तिथं? सर, बसची सीट बाप्यांना द्या. आमाला यस्टी हाय, अर्ध्या तिकिटात. तुमी फक्त दवाखान्याला इचारा, आमाला खाली झोपू देतेत का."

सरांनी टोपी घातली आणि नांदेडला फोन लावला. मला वाटलं नव्हतं, पण तिकडचे लोक कबूल झाले. पलंग नाहीत, सतरंज्या देऊ, डॉक्टर एक दिवस जास्त थांबतील, पण बायांबरोबर एक जबाबदार माणूस हवं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. या बायांबरोबर माणूस नव्हतं म्हणूनच हे सगळं झालं होतं. मी पिशवी भरायला उठले.

एस.टी.तला प्रवास मी आता करत नाही, त्या दिवशी केला. परभणीच्या स्टँडवर सगळ्याजणी जमल्या. मी त्यांची आधार कार्डं गोळा करून यादीच्या क्रमाने लावली. कंडक्टर तरुण होता. पंच्याहत्तरीच्या पुढे तिकीटच नसतं, म्हणून त्याने जाऊबाईला विचारलं, "आजी, वय किती?"

"मला काय ठाऊक? जल्मले तवा मी लय ल्हान होते."

मागच्या सीटवरची सोनपेठची बाई म्हणाली, "लेकरा, आमाला धरून धरून बशीव आन् मग वय इचार. दिसतंय कुणाला?" गाडीभर हसू झालं. मला हसायचंही त्राण नव्हतं. गुडघा ठणकत होता आणि कुणी वाटेत उतरून चुकू नये म्हणून मी प्रत्येक स्टँडवर डोकी मोजत होते.

दवाखान्यात दोन रात्री सतरंजीवर काढल्या. एकीची साखर वाढलेली निघाली, तिला परत पाठवायचं ठरलं, मग औषध देऊन ठेवून घेतलं. जाऊबाईच्या डोळ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, फार पिकलाय, खात्री देत नाही. तिने विचारलं, "किती दिसंल?" ते म्हणाले, "बघू." ती म्हणाली, "तेच तर म्हणायलेय."

झालं ऑपरेशन. मग पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिने बरोबर सांगितली. भिंतीवरची अक्षरं तिला वाचता येत नाहीत, तेव्हा परिचारिकेने खिडकीबाहेर काय आहे ते विचारलं. तिने सांगितलं, लिंबाचं झाड, खाली मोटारसायकल, मोटारसायकलवर कुत्रं झोपलंय. मी खिडकीशी जाऊन पाहिलं. कुत्रं होतं.

मग मी तिच्याबरोबर पोखर्णीला गेले. थेंब वेळेवर घालायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. मी थेंबांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या, ती माझ्यावर हसली. काळा चष्मा लावून ती अंगणात फिरायची आणि घरातल्या एकेका गोष्टीला नावं ठेवायची. हे पातेलं असं काळं झालं होतं व्हय. कोपऱ्यात जाळी किती. मला म्हणाली, तुमचं लुगडं लय इटलंय, कुणी सांगितलं न्हाई का? मी नुसती खाटेवर पडून ऐकत होते. इतकी थकले होते की उठून जाळी काढावी असंही मनात आलं नाही, आणि मी अशी कधी नसते.

ठरलेल्या दिवशी तिचा मुलगा गाडी घेऊन आला. रात्रभर गाडी चालवून आलेला, डोळे लाल. दारात आईने त्याला आपणहून ओळखलं, हाक मारली, तेव्हा त्याने मान खाली घातली. चहा तिनेच केला. साखर बरोबर होती. तो चहा पिऊन, घर सगळं फिरून पाहून परत आला आणि जरा चाचरत म्हणाला, "आई, आता तरी चल माझ्यासंगं."

ती पदराने कप पुसत होती. म्हणाली, "आता कामून? आता तर दिसायलंय मला."

तो माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही तरी सांगा तिला." मी तिच्या डोळ्यात थेंब घालायला उठले. दुपारी जेवून, जरा झोपून, तो एकटाच गाडी घेऊन पुण्याला गेला.